एका शब्दासाठी अडलेली सही

चष्मा कपाळावर चढवून आमचे सीनियर एडिटर विचारायचे, "हे कुठून आलं?"

सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या आमच्या जाहिरात कंपनीतून एकही मजकूर त्यांच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. शाम्पूच्या जाहिरातीत ‘सर्वांत मऊ केस’ असं लिहिलं, तरी विचारणार, "सर्वांत? कोणी तपासले?" तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. काम लांबवतो म्हणून त्याच्यावर चिडायचं आणि अडलं की त्याच्याच टेबलापाशी जायचं. मी पुण्याहून नवीन आले, तेव्हा माझ्या चुका कोणाला कळायच्या आत तेच दुरुस्त करून ठेवत.

मग तेल कंपन्यांच्या एका संघटनेचं काम आलं. अमेरिकेतल्या एका राज्यात मतदान होणार होतं : कंपन्यांकडून प्रदूषणाबद्दल कार्बन शुल्क घ्यायचं की नाही? ते होऊ नये म्हणून संघटनेने पैसा ओतला होता. पत्रकं आम्ही करत होतो. घरोघरी जाणाऱ्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘तुमचं वीजबिल दुप्पट होईल.’

त्यांनी संघटनेचाच अहवाल मागवून घेतला आणि दोन दिवस वाचला.

"यात दुप्पट कुठेच नाही," ते मॅनेजरला म्हणाले. "थोडी वाढ आहे. शिवाय शुल्काचा बराचसा पैसा लोकांनाच परत मिळणार आहे."

मॅनेजर इथलाच, एरवी भला माणूस. "क्लायंटला दुप्पट हवंय. जस्ट साइन, लाह," तो इथल्या लकबीत म्हणाला.

"मग सहीही क्लायंटनेच करावी."

त्यानंतर रोज त्यांना काचेच्या खोलीत बोलावणं येई. आवाज चढलेला ऐकू यायचा, तो कधीच त्यांचा नसायचा. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास जाणार, पास गेला की देश सोडायचा, आणि मुलीचं दहावीचं वर्ष. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आठवड्याअखेर त्यांच्या हातात नोकरीवरून काढल्याचं पत्र पडलं.

ते टेबल आवरत असतानाच मॅनेजरने पत्रक माझ्यापुढे ठेवलं. त्यांच्यानंतर सीनियर मीच. इथे कायम राहता यावं म्हणून माझा पीआरचा अर्ज नुकताच गेला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते खणातले कागद काढत होते. मी सही केली.

ते देश सोडून निघायच्या आदल्या दिवशी मी क्वीन्सटाउन भागात त्यांच्या फ्लॅटवर गेले. घरभर खोकी होती. मुलगी दार लावून आत बसलेली.

"मी सही केली," मी उंबऱ्यातूनच म्हणाले.

"माहीत आहे." ते म्हणाले, "ये आत. जेवूनच जा. अगं, हिलाही पान वाढ गं," त्यांनी आत बायकोला सांगितलं.

ते रागावतील, अशी तयारी करून मी गेले होते. त्या आमटीभाताची तयारी माझ्याकडे नव्हती.

काही आठवड्यांनी मतदान झालं. कार्बन शुल्काचा प्रस्ताव पडला. क्लायंटने खूश होऊन केक पाठवला, आणि पहिला तुकडा मला दिला गेला. खाल्लाही मी. उरलेला केक ठेवायला जागा नव्हती, म्हणून कोणीतरी तो त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला होता.