शेंदूर लावलेला दगड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती माझं खोटं एरवी दारातच पकडते. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची माझी ओळख नाही. ओळखीच्या माणसापुढं बसून हे बोलायला जी छाती लागते, ती मला कधीच नव्हती.

निवृत्त झाल्यापासून मी नांदेडला राहतो. मूळ गाव चाकूरजवळचं. नोकरी सगळी परदेशात झाली — कुठल्या खात्यातून, कुठल्या देशांत, ते राहू द्या — आणि आता मी भाषणं देतो. शेजारी देशांचे सीमावाद आणि जगाची भूमिका, हा माझा हातखंडा विषय. कॉलेजवाले गाडी पाठवतात, शाल घालतात, नारळ देतात. घरात एवढ्या शाली झाल्यात की बायको म्हणते, आता दुकान टाका. मी बोलतोही बरं. दोन देश भांडायला लागले की बाकीचं जग काय करतं, हे पोरांना रंगवून सांगतो. आधी चिंता व्यक्त करतं. मग तीव्र चिंता. मग दोन्ही बाजूंना संयम पाळायला सांगतं — ज्यानं मारलं त्यालाही, आणि ज्यानं मार खाल्ला त्यालाही. इथं हमखास टाळ्या पडतात. त्या टाळ्या घेताना मला स्वतःची किळस येते. येते, पण टाळ्या संपेपर्यंत मी हसत उभा राहतो.

गेल्या महिन्यात लातूरला असंच भाषण झालं. त्यात मी नेहमी एका डोंगराळ खोऱ्याचा दाखला देतो. तिथल्या हद्दीचे दगड जागचे हलवले होते की नाही, यावरून दोन देशांचं जुंपलं होतं. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. “सर, मग दगड खरंच हलवले होते का, हे कुणालाच कळलं न्हाई का?”

मी म्हणालो, ते कळणं शक्यच नव्हतं. ती मान डोलवून खाली बसली.

शक्य होतं. मला कळलं होतं.

आता नीट सांगतो. एक देश थोरला, एक धाकटा. बर्फ वितळल्याबरोबर थोरल्याचं सैन्य त्या खोऱ्यात उतरलं आणि म्हणालं, हे पाहा हद्दीचे दगड, गावं आमच्या बाजूला पडतात. धाकटा म्हणाला, दगड तुम्हीच पुढं सरकवलेत. जगानं चिंता व्यक्त केली, ती चार राजधान्यांत फिरली, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर एक गोष्ट तेवढी पदरात पडली. अनेक देशांचं मिळून एक पथक जाईल, दगड डोळ्यांनी पाहील. हलवलेत असं पथकानं सांगितलं, तर सैन्य मागं घ्यायचं. थोरल्यानंही हे कबूल केलं होतं — कशाच्या भरवशावर, ते मला पुढं समजलं. खोऱ्यातली माणसं तोवर खाली मैदानात तंबूत राहत होती आणि आमच्या एका शब्दावर त्यांचं घरी जाणं ठरणार होतं. त्या पथकात मी होतो.

आमची दुभाषी त्याच खोऱ्यातली होती. तिला नादिया म्हणू. खरं नाव वेगळं. दोन्हीकडच्या भाषा येणारं दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून तिला घेतलेलं. तिची आई तंबूत होती. नादियानं माझ्याकडं कधी काही मागितलं नाही. एकदा जेवताना मी माझा बाप, आमचं काळं रान, हायब्रीड ज्वारी असं काहीबाही सांगत होतो, तेव्हा एवढंच म्हणाली की पथकात एक तरी शेतकऱ्याचा मुलगा आहे, बरं झालं. मी फुशारलो. का फुशारू नये? तोपर्यंत मी काही केलं नव्हतं.

दगडापाशी पोचलो तेव्हा ऊन होतं. दोन्ही देशांचे अधिकारी दोन बाजूंना उभे. पथकातले बाकीचे सगळे शहरातले — त्यांना दगड म्हणजे दगड. मी खाली बसलो, हात लावला. दगडाचा वरचा भाग उन्हापावसानं पांढुरका पडलेला, आणि मातीच्या लगेच वर वीतभर तांबूस, ओलसर रंगाचा पट्टा. तो पट्टा वर्षानुवर्षं जमिनीत होता. आता बाहेर आला होता. पुरलेला दगड आपण होऊन वीतभर वर येतो का? येत नाही. काढून दुसरीकडं रोवला, तरच येतो — कारण चोरून खणलेला खड्डा कधी पुरेसा खोल नसतो. घाई असते ना.

हे मला कुणी शिकवलं, विचारा. माझ्या बापानं.

आमच्या शेजारी गंगाबाई म्हणून एक बाई होत्या. एकट्याच, नवरा लवकर गेलेला. त्यांच्या आणि आमच्या शेताच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हद्दीचा दगड होता. नांगरताना दरसाल चार बोटं धुरा कोरायचा, ही आमच्याकडची जुनी खोड, पण बापाला तेवढा धीर नव्हता. मी कॉलेजातून सुट्टीला आलो, तर दगड आख्खा गंगाबाईंच्या रानात सरकलेला. आणि त्याच्या बुडाला वीतभर काळा पट्टा उघडा. मी बापाकडं पाहिलं. दोनच दिवसांत त्यानं त्या दगडाला बुडापासून शेंदूर फासला, नारळ फोडला आणि हा आमचा धुऱ्यावरचा देव म्हणून जाहीर केलं. देव कोण उपटणार? गावातल्या चार शहाण्यांनी दोघांनाही सबुरीनं घ्यायला सांगितलं. गंगाबाई माझ्याकडं आल्या. “तू शिकलेला हायस बाबा. तूच सांग, दगड हितंच व्हता का?”

“मला न्हाई ठावं, काकू,” मी म्हणालो.

बापाचं नाव पुढं करून मी यातून निसटतोय असं वाटत असेल, तर तसं नाही. बापानं दगड हलवला. ‘न्हाई ठावं’ मी म्हणालो.

तर त्या खोऱ्यात मी दगडापाशी बसलेलो. पथकाचे प्रमुख म्हातारे, सरळ माणूस; त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, तुम्ही शेतकरी घरातले, तुम्हाला काय वाटतं? आदल्या संध्याकाळी थोरल्या देशाचा एक अधिकारी जेवायला माझ्या शेजारी बसला होता. धमकी वगैरे काही नाही. माझ्या पुढच्या नेमणुकीची त्याला बातमी होती, एवढंच. ते शहर फार सुंदर आहे म्हणाला. माझ्या वरिष्ठांचाही फोन येऊन गेला होता — फार खोलात शिरू नका. एवढ्यावर मी विकला गेलो. मला वाटायचं, माणूस विकत घ्यायला काही मोठं लागत असेल.

मी उठलो. हाताला लागलेली माती पँटला पुसली आणि म्हणालो, “नक्की सांगता येणार नाही.”

आणि ते वाक्य नादियाला दोन्ही भाषांत सांगावं लागलं. आधी थोरल्यांच्या, मग तिच्या स्वतःच्या. ती माझा हात बघत होती. कुठं ठेवला होता, कुठं पुसला, सगळं तिनं पाहिलं होतं. तिनं एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. परतीच्या वाटेवर ती पुढच्या सीटवर बसली आणि मुक्काम येईपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

अहवालात आलं: उपलब्ध खुणांवरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही; दोन्ही बाजूंनी संयम पाळावा. जगानं अहवालाचं स्वागत केलं. बापानं जे शेंदरानं केलं, ते आम्ही कागदानं केलं. मला ते सुंदर शहर मिळालं. खरंच सुंदर होतं, मी तिथं मजेत राहिलो — हेही सांगायला हवं. तंबूंच्या जागी पुढं पत्र्याच्या खोल्या झाल्या. नादियाची आई त्यातल्याच एकीत वारली. हे नादियानं कळवलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. मी दोन ओळी सांत्वनाच्या लिहायला घेतल्या आणि पहिला शब्द सुचला तो ‘तीव्र’. मग काहीच पाठवलं नाही.

बाप गेला, गंगाबाईही गेल्या. वाटण्या झाल्या तेव्हा धुऱ्यालगतचा तुकडा माझ्या वाट्याला आला. दिगंबर, माझा धाकटा भाऊ, तो कसतो. दगड तिथंच आहे. दर येळवसीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमचं सगळं घर शेतात जेवायला जातं — आंबील, भज्जी, उंडे — आणि जेवणाआधी शेतातल्या देवांबरोबर त्या दगडालाही पूजा असते.

लातूरच्या भाषणानंतर आठवड्याभरात यंदाची येळवस आली. दिगंबरचा फोन आला होता. “दादा, यायलास ना? देवाचा शेंदूर पार उडालाय. बुडाला काळं दिसायलंय.”

मी गेलो. गंगाबाईंचा नातू पलीकडच्या रानात त्याच्या माणसांना घेऊन जेवत होता. त्यानं हात वर करून रामराम केला, आंबील प्यायला बोलावलं. मी येतो म्हणालो. मग घरातला थोरला म्हणून शेंदराची वाटी माझ्या हातात आली आणि मी खाली बसून बुडापासून वर, काळं दिसेनासं होईपर्यंत, शेंदूर लावला.