गोदावहिनीच्या वाटीतलं दही

मला आमच्या घराची किळस येते, हे आधीच सांगून टाकते.

रत्नागिरीजवळच्या पाली गावाच्या पुढे आमचं गाव. १९९८ साली सागरदादाशी लग्न होऊन गोदावहिनी घरात आली आणि महिन्याभरात दादा मुंबईला कामावर गेला. वहिनी चार माणसांचं काम एकटी उपसायची. पण पाळी आली की पोट धरून लोळायची. पोट टम्म फुगायचं, कधी जुलाब, कधी चार-चार दिवस काहीच नाही. आई शेजारपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आमच्या पोटात काय कधी दुखला नाय? नाटकां सगली!"

आमच्याकडे पाळीत बाहेर बसणं कडक. पडवीत, शेणाच्या पाट्यांशेजारी, गोणपाटावर. बाकीच्या बायका चार दिवसांनी उठायच्या. वहिनीचं दहा-दहा दिवस चालायचं. तेवढे दिवस दह्याच्या मडक्याला तिचा हात नको, कारण म्हणे विरजण नासतं! शिसारी येते मला.

२००१ साली रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दुर्बिणीतून तपासलं. गर्भाशयाचं अस्तर बाहेर आतड्यांपाशी वाढलं होतं, आणि आतडीही नाजूक. गोळ्या दिल्या, तिखट-तळलेलं बंद केलं आणि रोज वाटीभर ताजं दही सांगितलं.

"दह्याने हा आजार जाणार नाही," त्या म्हणाल्या, "पण पोटाला आराम पडतो का बघू. तीन महिने रोज काय खाल्लं, कसं वाटलं, वहीत लिहा."

वहिनीला एवढंच हवं होतं, की त्या दिवसांतही सरळ उभं राहता यावं. तिने एक दिवस न चुकवता वही लिहिली.

तीन महिन्यांनी मीच तिच्यासोबत गेले. बाईंनी पानं उलटली. "दर महिन्याला दहा दिवस दही नाहीच? मग मला कळणार काय?"

मी भडकले. पडवी, गोणपाट, मडकं, आई, सगळं ओकून टाकलं. "अडाणी आहेत हो! घाण वाटते मला या माणसांची!"

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मडक्याला यांनी शिवायचं नाही, बरं. मग त्या दिवसांत यांचं ताट कोण वाढतं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मीच वाढायचे. लांबून, वरून, अंग चोरून. वाटीभर दही वाढायला आईने मला कधीच मनाई केली नव्हती.