टाकीचं झाकण उघडलं की...

माणसं डॉक्टरला जीभ दाखवतील, पण आम्हाला पाण्याची टाकी दाखवायला लाजतात! मी रत्नागिरीत आरोग्य खात्यात. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधणं हे आमचं काम. सोबत फवारणीवाले सुर्वे. चहाला बसलो की एकावरून दुसरा किस्सा आठवतो आणि चहा गार होतो.

*

मिरकरवाड्यातल्या विहिरीत आम्ही गप्पी मासे सोडत होतो. ते अळ्या खातात. मासळी विकून परतणारी एक आजी पाटी उतरवून बघत उभी राहिली.

"हे मोठे कधी व्हायचे?"

"होत नाहीत, आजी. एवढेच राहतात."

आजीने पुन्हा वाकून पाहिलं आणि सुर्व्यांना म्हणाली, "पोर शिकलेली दिसते. कुणीतरी फसवलंन हिला!"

*

एका वाडीतल्या सभेत मी सांगितलं, "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा."

मागून एक गृहस्थ उसळले, "इलेक्शन नाही, काही नाही, ड्राय डे कसला लावताय?"

"अहो, पाण्याची भांडी कोरडी करायची!"

"मग तसं सांगा ना!" म्हणत ते बसले. तेवढ्यात त्यांच्या बायकोने हात वर केला.

"मॅडम, पहिला अर्थ चालू ठेवता येईल का?"

*

एकदा सुर्व्यांना फोन आला, "धुराची गाडी शनिवारी आमच्याकडे पाठवाल का?"

"डास वाढलेत?"

"नाही हो, ताईची हळद आहे. एन्ट्रीला धूर पाहिजे!"

सुर्वे म्हणाले, "अरे, त्याला डिझेलचा वास येतो."

"चालेल! व्हिडिओत कुठे येतो वास?"

*

एका काकांच्या पिंपात अळ्या सापडल्या. मी त्या काचेच्या ग्लासात घेऊन टॉर्च मारला. काका चष्मा लावून बघतच राहिले. वर-खाली, वर-खाली, अळ्यांची नुसती धावपळ.

"काय उत्साह आहे हो!" काका म्हणाले. "नाहीतर आमचे चिरंजीव. अजून अंथरुणात आहेत."

*

एका गल्लीत तापाचे पेशंट वाढत होते. तिथल्या एका वहिनींची सून हॉस्पिटलात, प्लेटलेट्स उतरलेल्या. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालेलं. आम्ही सगळी घरं तपासली, काही सापडेना. राहिलं वहिनींच्या शेजारचं बंद घर. मालक मुंबईला. त्यांना फोन लावला.

"कुलूप तोडू नका," ते म्हणाले. "चावी शेजारच्या वहिनींकडे आहे. पण मी सांगितलं असं बोलू नका. कुंपणाच्या गडग्यावरून भांडण झालं तेव्हापासून आमचं बोलणं नाही."

वहिनींनी देव्हाऱ्यातून चावी काढून दिली. मागच्या पडवीत उघडी टाकी, अळ्यांनी बुजबुजलेली! आम्ही ती उपसली, घासली. वहिनी उंबऱ्याबाहेरच उभ्या.

सून पुढे बरी होऊन घरी आली. पण त्या दिवशी माझा पारा चढला.

"वहिनी, सून तिकडे सलाइनवर आणि चावी तुमच्याच घरात! आधीच उघडून बघायचं ना!"

"चावी ठेवायला दिलेय त्याने," वहिनी म्हणाल्या. "आत जा असं कुठे म्हणाला?"

सुर्व्यांनी कुलूप लावलं. वहिनींनी ते ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "आत वाळवी तर नाही ना लागली?"