रकानेबाईंचं टेबल

बस डेपोच्या कचेरीत खिडकीला लागून एक टेबल होतं आणि टेबलाला लागून रकानेबाई. खरं नाव पगारपत्रकात असेल तर असेल. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, सगळ्यांच्या तोंडी रकानेबाईच. बाई गाड्यांचं वेळापत्रक टाइप करायच्या. त्यांच्या रकान्यातला आकडा इकडचा तिकडे झाला तर शपथ.

नवरा याच डेपोत ड्रायव्हर होता. तो गेला आणि त्याच्या जागी बाईंना घेतलं. तेव्हा टाइपरायटर होता. आकडा बरोबर थांब्याच्या नावाखाली यावा म्हणून बाई स्पेसबार ठोकत जायच्या. टक टक टक. मान तिरकी करून बघायच्या, मग अजून एक टक. कॉम्प्युटर आला तरी तसंच चालू. रेघा मारून रकाने करता येतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनी कुणाला विचारलं नाही. घरी चार भिंती आणि एक टीव्ही. कुणी हाक मारायचं ते या टेबलावरच.

मग वरून हुकूम आला. विकतचं सॉफ्टवेअर बंद, परवान्याला दरवर्षी कोण पैसे ओतणार? आता फुकटातलं, सगळ्यांना खुलं असलेलं. ते बसवायला एक मुलगी आली, कंत्राटावरची. तिला सगळे सिस्टिमवाली म्हणायला लागले आणि पहिल्या दिवसापासून पाण्यात बघायला लागले.

"फुकट ते पौष्टिक, काय?" कॅशियर तिला रोज टोमणा मारायचा. ती हसून केबल जोडत बसायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत कचेरी रिकामी असताना ती बाईंजवळ आली.

"काकू, तुमचा जुना फॉन्ट इकडे नाहीये. अक्षरं कमी-जास्त रुंद झाली की हे सगळं सरकणार. थोडे दिवस द्या, मी रकाने आखून देते. तुम्हालाही शिकवते."

"मला? रकाने?"

"म्हणजे, दाखवते."

"बाळ, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून माझ्या कागदावर गाड्या सुटतात."

मुलगी आपल्या केबलकडे वळली. नंतर पुन्हा विचारायला आली, तर बाईंनी मान वर केली नाही.

हंगाम बदलला, वेळा बदलल्या. बाईंनी जुनी फाइल नव्यात उघडली. ओळी दारुड्यासारख्या वाकड्या. ठोकला स्पेसबार, केल्या सरळ, छापून डेपोच्या फलकावर आणि थांब्यांवर चिकटवायला दिल्या. पण पहिली गाडी दवाखान्याच्या थांब्यावर थांबत नाही, तिथे रकाना रिकामा सोडायचा असतो. सरळ करण्याच्या नादात ती रिकामी जागाच बुजली. पुढची प्रत्येक वेळ एक थांबा मागे आली. वसाहतीच्या थांब्याच्या नावाखाली त्याच्या पुढच्या थांब्याची वेळ, म्हणजे उशिराची.

वसाहतीतल्या बाया कागद बघून थांब्यावर आल्या, तोवर गाडी गेलेली. बहुतेकींचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. एकीचा पॅकिंगच्या कारखान्यात पहिलाच दिवस होता. तिला फाटकातूनच परत पाठवलं, पुन्हा येऊ नको म्हणून.

ती डेपोच्या खिडकीशी आली. भांडली नाही. "हे कोणी लिहिलं?" एवढंच विचारलं. बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. ती निघून गेली.

साहेबांनी चौकशी लावली. चौकशीच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरदादा आला, नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त. वहिनीसाठी जीव टाकणारा माणूस, चूक-बरोबर नंतर बघणारा.

"वहिनी, सरळ सांगायचं, नव्या सॉफ्टवेअरनं सरकवलं. आम्ही सगळे हो म्हणतो."

"ती मला आधी बोलली होती रे."

"कोण होतं तेव्हा?"

"कोणी नव्हतं."

"मग झालं तर. ती तरणी आहे, कुठंही चिकटेल. तुम्हाला मात्र हरवलेल्या सामानाच्या खोलीत टाकतील. तिथं छत्र्यांशी बोलत बसणार का?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "आपोआप सरकलं."

सिस्टिमवालीनं त्यांच्याकडे बघितलं. बाई अजून काहीतरी बोलतील म्हणून थांबली असावी. बाईंचे हात मांडीवर, नजर हातांवर. मग तीही काही बोलली नाही.

तिचं कंत्राट संपवलं. कचेरीला वाटलं, आता जुनं परत येणार. साहेब म्हणाले, "परवाने कधीच संपलेत. आहे त्यात भागवा."

दादा चहा घेऊन आला. "टेबल राहिलं ना, वहिनी?"

राहिलं होतं. बाईंनी चुकलेला कागद नीट करायला घेतला. रेघा कुठून मारायच्या ते शोधलं, सापडलं नाही. विचारायचं कोणाला? स्पेसबार ठोकला, तर हातावरचा भरवसाच उडालेला. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वर थांब्यापर्यंत न्यायच्या, पुसायच्या, पुन्हा ठोकायच्या. कसाबसा कागद तयार झाला, फलकावर लागला.

सकाळी गाड्या निघायच्या वेळी बाई खिडकीतून बघत होत्या. फलकाशी कोणी थांबत नव्हतं. ड्रायव्हर एकमेकांना वेळ विचारून गाडी काढत होते. दादानं काचेतून मान बाहेर काढली, शेजारच्या गाडीवाल्याला विचारलं, "वसाहतीला किती वाजता रे?" आणि गियर टाकला.