वाघमारेबाईंच्या डोक्याचं माप

वाघमारेबाई स्टाफरूममध्ये आल्या की पर्समधून शिंप्याचा टेप काढत आणि जो कोणी खुर्चीत सापडेल त्याच्या डोक्याभोवती गुंडाळत. परवानगी विचारायची पद्धत नव्हती. "हलू नका सर, मान सरळ." मुख्याध्यापकही सुटले नाहीत. आकडा बघून बाई म्हणाल्या, "लहान हाय हो डोकं तुमचं. एवढ्यात अख्खी शाळा मावली म्हणजे कमालच." सरांना हसावंच लागलं.

औशाच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी गणित. लातूरहून दोघी एकाच एसटीने ये-जा करायचो. आता त्या नाहीत, कॅन्सरने गेल्या. पण केस गळतील असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "भुवयापण? आणि आधी कुठले जातात?" डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही, म्हणून बाई नाराज झाल्या. आजारावर नाही, डॉक्टरांवर.

केसांचा टोप त्यांना स्वतःसाठी नकोच होता. शाळेत त्या स्कार्फ बांधून येत आणि मुलांना कारणही सांगून टाकलं होतं. टोप हवा होता आईसाठी. आई निलंग्याजवळच्या गावात राहायची. बाईंचा धाकटा भाऊ याच आजाराने गेला, तेव्हा तिने अंथरूण धरलं होतं. आता कुठे उठून अंगणात बसायला लागली होती. "तिला कळलं तर ती माझ्या आधी जाईल," बाई म्हणायच्या. आणि आईची रीत अशी, की लेक दारात आली की तिच्या कपाळापासून मानेपर्यंत दोन्ही हात फिरवायचे आणि मग स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. टोप त्या हातांखाली टिकायला हवा होता. 'विग' म्हटलेलं त्यांना चालत नसे. "विग सिनेमातल्या बाया घालतात. आपला टोप."

पहिला टोप फसला. केस जायच्या आधीच शहाणपणा करून बाईंनी माप पाठवलं होतं. जाड केसांवरून, अंबाड्यासकट टेप फिरवून. टोप आला तोवर अंबाडा गेला होता. डोक्यावर चढवला तर भुवयांवर उतरला. "जाधवबाई," त्या मला म्हणाल्या, "म्या केसांचं माप दिलं की हो! डोक्याचं राहूनच गेलं." आरशासमोर त्या इतक्या हसल्या की टोप नाकावर आला. तेव्हापासून पर्समध्ये टेप आला. माणसामाणसाच्या डोक्यात किती फरक असतो, उजवी बाजू डावीसारखी असते का, हे त्यांना बघायचंच होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही थेट नांदेडला गेलो. नाटकमंडळींचे टोप करणारे एक सलीमभाई होते. त्यांनी आधी केसांच्या मूळ रेषेवरून, कानांमागून मानेच्या खळगीपर्यंत घेर घेतला. मग कपाळापासून मानेपर्यंत, मग टाळूवरून या कानापासून त्या कानापर्यंत.

"फीता कसून नको, बाई. खाली एक बोट सरकलं पायजे."

"बोट कुणाचं? तुमचं का माझं?"

सलीमभाईंनी फीता सैल केला. मग हसत म्हणाले, "डोकं तुमचं हाय, बोट बी तुमचंच घाला."

टोप आल्यावर स्टाफरूममध्ये तालीम झाली. प्रत्येकीने बाईंच्या डोक्यावरून हात फिरवायचा. "असं गोंजारू नका हो, मांजर हाय का मी? आई फिरवते तसा फिरवा. दाबून!" टोप हलला नाही. मग आम्ही निलंग्याची एसटी धरली. मला सोबत घेतलं, कारण खोटं बोलताना आपण अडखळतो हे त्यांना ठाऊक होतं.

आईने दारातच हात फिरवले, बोटं मोडली. टोप जागचा हलला नाही. बाईंनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

"किती कोरडे झालेत गं केस," आई म्हणाली. "बस हितं." आणि ती तेलाची वाटी घेऊन आली.

बाईंनी डोकं दुखतंय म्हणून बघितलं, उशीर होतोय म्हणून बघितलं. शेवटी बसल्या. आई चोळत राहिली. टोप तरीही पक्का होता, पण तेल कानांवरून ओघळायला लागलं.

"मुरंना की गं. वरच्यावरच राहून राहिलंय." आईने आपले हात उलटसुलट करून बघितले. "लहानपणी तुला तेल लावलं की तितंच झोपायचीस. माझ्याच हातात काय राह्यलं न्हाई आता."

बाईंनी कानावरचं तेल पदराने टिपलं. मग म्हणाल्या, "हात चांगला हाय तुझा, आई. केस माझे न्हाईत." आणि दोन्ही हातांनी टोप काढून मांडीवर ठेवला.

मी उठून म्हातारीजवळ सरकले, पडली तर धरायला.

ती पडली नाही. बघत राहिली.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"औषध चालू हाय?"

"हाय."

म्हातारीने वाटी कलंडून तळवा भरून तेल घेतलं, लेकीच्या उघड्या टाळूवर ठेवलं आणि दाबून धरलं.

"आता मुरंल," ती म्हणाली.