वेबसाईटवरचा जावई

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात माझी उमर गेली. पाटी रंगवताना रंग खाली ठिबकतोच. पुसला तर गेला, नाही पुसला तर थरावर थर बसून फरशीची रांगोळी होते. किश्श्यांचंही तसंच. आमच्या जानेफळात पुसायला कोणाला सवड नाही, आणि ठिबकवायला मी आहेच!

माझं शिक्षण पाचवीपर्यंत. पुढं शिकलो असतो, पण सहावीच्या मास्तरांनी हात जोडले! अक्षर मात्र असं, की लोक दुकान पाहून नाही, पाटी पाहून थांबायचे. मग फ्लेक्स आला आणि माझा ब्रश मिशा काळ्या करण्यापुरता उरला.

आता मी सुजाताच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसतो. सुजाता म्हणजे उत्तमराव कंडक्टरची पोरगी. पुण्याला कंपनीत वेबसाईट बनवायची. ते सोडून गावात आली आणि बसस्टँडसमोर दुकान टाकलं. म्हणते, "आबा, आपल्या लोकायचे धंदे काय कमी हायेत? दिसत नाहीत, इतलंच."

उत्तमराव रिटायर झाला तरी कंडक्टरच. त्यानं पोरीला स्टॉप सांगून टाकला, "पोळ्यापर्यंत पाह्यतो. तुही वेबसाईट पाहून बाहेरगावचं एक गिऱ्हाईक इथं आलेलं मले ह्या डोळ्यानं दिसलं पाह्यजे. नाही दिसलं, तर बॅग भर अन् पुण्याची गाडी धर!"

मी म्हटलं, "उत्तम, सोताच्या पोरीले बी विदाउट तिकीट पकडतं का बे?"

"तू गप रे पेंटर! तिची सोताची तरी वेबसाईट हाय का? इचार तिले!"

नव्हती. दुसऱ्यांच्या करता करता राहून गेली होती. माझ्या घरावर तरी कुठं पाटी आहे?

* * *

पहिलं गिऱ्हाईक गजाननशेठ हार्डवेअरवाले. आले ते पिशवीभर फोटो घेऊन! स्वतः शेठ, स्वर्गवासी वडील हारासकट, भाऊ, साळे, भाचे. सगळे खाली 'शुभेच्छुक' म्हणून लावायचे.

सुजाता म्हणाली, "शेठ, लोक पाईप अन् मोटार पाहाले येतील. भाचे कायले?"

"भाचे नाही लावले तर बहीण राखी बांधत नाही, पोरी!"

शेवटी सगळे लागले. जावईबापूंचा फोटो उशिरा आला, म्हणून तो सगळ्यात खाली बसला. लगेच मेहकरहून जावयाचा फोन, "मामा, सारून सारून बोट दुखलं माह्यं! साळे वर, अन् जावई पार तळाले? आता पंचमीले तुमच्या पोरीची वाट पाहू नका."

शेठ घामाघूम. सुजातानं जावयाला उचलून सगळ्यात वर बसवलं. मोठा फोटो, काळा गॉगल.

दुसऱ्या दिवशी पाईप घ्यायला आलेला गावातलाच माणूस मोबाईल दाखवत हळूच विचारतो, "शेठ, दुकान विकलं का हो? नवा मालक जरा गुंड वाटते!"

शेठ पळतच आले, "सुजाता, समदा परिवार काढ. पाईप लाव!"

* * *

पाईप लागले, मग त्याच वेबसाईटचं उद्घाटन. मी शेठला सहज बोललो, की नारळ फोडल्याशिवाय वेबसाईट उघडत नाही. माणूस भोळा. लॅपटॉप पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, लाल फीत बांधली. शेठनी हातात नारळ घेतला आणि फोडायला टणक जागा शोधू लागले. नजर गेली लॅपटॉपवर!

सुजातानं लॅपटॉप असा उचलला, जसं बाई विस्तवाजवळून लेकरू उचलते! नेमकं तेव्हाच इंटरनेट गेलं.

शेठ म्हणाले, "पाह्यलं? कोपली!"

मग नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची मोबाईलला बांधली. आता फोन उचलला की मिरची आधी शेठच्या डोळ्यात जाते, आणि समोरच्याला वाटतं, शेठ भाव सांगताना रडतात!

* * *

दिगांबरचं कृषी केंद्र. त्याच्यासाठी सुजातानं साधं पान केलं. वर नाव, मधे बियाण्याचे फोटो, खाली ठसठशीत फोन नंबर. बाकी पांढरं, मोकळं.

दिगांबर भडकला, "इतली जागा पडीक काऊन ठेवली?"

"डोळ्यायले दम खाऊ द्या न, काका."

"माह्या डोळ्यायले दमा नाही! इथं ट्रॅक्टर लाव, तिथं पयणारा बैल लाव, नाव लुकलुक कर, अन् नंबर टाक कुठंबी कोपऱ्यात."

मी बाकावरून म्हटलं, "सुजाता, याच्यापाशी जागा मांगू नको. ज्यानं भावाच्या वावराचा धुरा वखरून आपल्यात घेतला, थो तुले मोकळं सोडीन?"

अख्खा बसस्टँड हसला. सुजाता हसली नाही. तिनं दिगांबर म्हणाला तशीही एक बनवली, आणि दोन्ही मोबाईलवर उघडून त्याच्या म्हाताऱ्या मायच्या हातात दिल्या. "आजी, तुमच्या पोराले फोन लावा बरं."

पहिलीवरून फोन लागला. दुसरी म्हातारीनं जवळ धरली, लांब धरली, उलटी केली. मग म्हणाली, "दिग्या, नंबर काई दिसत नाही बापा. बैल दिसते. त्यालेच फोन लावू का?"

* * *

प्रल्हाद मंडपवाला मात्र सुजाताकडे आला नाही. त्याच्या साळ्यानं फुकटात वेबसाईट करून दिली. फोटो कुठले कुठले उचललेले. काचेचा महाल, झुंबरं, मागं बर्फाचा डोंगर!

ती पाहून चिखलीचे एक गृहस्थ आले. तुळशीच्या लग्नानंतर पोरीचं लग्न. म्हणाले, "तो महाल दाखवा."

प्रल्हादनं गोदामातले बांबू आणि कापडाचे गठ्ठे दाखवले, "हा काय. घडी करून ठेवला."

"आणि तो बर्फाचा डोंगर?"

प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रसवंतीवाल्याले सांगून ठेवतो. तुम्ही फकत तारीख सांगा!"

गृहस्थ गाडीत बसले आणि गेले. मी पोट धरून हसत होतो.

उत्तमराव हसला नाही. सुजाताला म्हणाला, "त्याच्या साळ्याची काय अन् तुही काय, वेबसाईट म्हणजे आलेलं गिऱ्हाईक पळवाची मशीन." घरी जाऊन त्यानं माळ्यावरची बॅग खाली काढली.

सुजाताचं तोंड एवढंसं झालं. पण पोरगी कंडक्टरची! कॅमेरा उचलला आणि थेट प्रल्हादच्या घरी. "काका, माह्या हातची करून पाहा."

श्रावणात एका बारशाला त्याचा मंडप लागला होता. तिथं तिनं खरे फोटो काढले. निळं-पांढरं कापड, ओळीत खुर्च्या, दोर आवळणारा घामेजला प्रल्हाद. आणि कापडाला एका जागी ठिगळ.

"ठिगळ झाक न वो माय!" प्रल्हाद कळवळला.

"राहू द्या, काका. चांगलं शिवलं हाय."

मी म्हटलं, "लोक पावडर लावून फोटो काढतात, अन् तू जखम दाखवून राह्यली!"

* * *

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सुजाताच्या दुकानासमोर बैलांची शिंगं रंगवत होतो. शिंगावर अजून फ्लेक्स चिकटत नाही, म्हणून तेवढा धंदा शाबूत! बाजूला उत्तमराव बैलाचा कासरा धरून उभा. आत सुजाता लॅपटॉपमध्ये डोकं घालून.

एक गाडी थांबली. चिखलीचे तेच गृहस्थ!

"प्रल्हाद मंडपवाले कुठं भेटतील?"

उत्तमराव म्हणाला, "तुम्ही तर पळून गेल्ते न हो?"

गृहस्थांनी मोबाईल पुढं केला. "ही नवी वेबसाईट पाहिली. याच्यात ठिगळ दिसलं. ठिगळ दाखवणारा माणूस बाकीचं खोटं कायले सांगीन?"

उत्तमरावनं मोबाईल घेतला. ठिगळ पाहिलं. वर सारलं, खाली सारलं. परत दिला. कासरा माझ्या हातात कोंबला आणि घराकडे निघून गेला.

पोळ्याच्या सकाळी तो आला तो हातात बॅग घेऊनच! गजाननशेठ, दिगांबर, प्रल्हाद, सगळे बाकावरून उठले.

सुजाता उभी राहिली. "बाबा, काल तर तुम्ही डोळ्यानं पाह्यलं न..."

उत्तमरावनं बॅग टेबलावर ठेवली आणि चेन ओढली. आतून निघाला इस्त्री केलेला खाकी शर्ट. अंगातल्या सदऱ्यावरच चढवला, बिल्ला लावला, लॅपटॉपसमोर ताठ उभा राहिला. मग कोपर पुढं केलं. तिथं ठिगळ होतं.

"तुह्या सोताच्या वेबसाईटीसाठी काढ फोटो. हे येऊ दे बरं त्याच्यात."

सुजातानं डोळे पुसत कॅमेरा उचलला, तर म्हणतो,

"अन् मले पयले वर लाव! तळाले बसाले मी काई गजाननशेठचा जावई नाही!"