सडक्या कोहळ्याचे अकराशे

तारीख : दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. रक्कम : रुपये अकराशे. हजर : पाळकसाहेब, पंचमंडळाचे पाच सभासद, मंडळीतली त्र्याऐंशी माणसं आणि खजिनदार म्हणून मी. वस्तू : एक कोहळं, एका बाजूनं सडलेलं. घेणारा : याकूबमामा, वर्धा स्टेशनवरचे ऑटोवाले.

आमच्या चर्चमध्ये दरवर्षी कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकलं असेल ते लोक देवासमोर आणून ठेवतात. तूर, कापूस, वांगी, अंडी, एखादा कोंबडाही असतो. भक्ती आटोपली की आवारात त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या निधीत जमा होतात. बोली लावायचं काम चिटणीस विल्सनराव करतात. आवाज मोठा, थट्टा करण्याची हौसही मोठी.

ते कोहळं कमलनं आणलं होतं. कमल जाम गावच्या चौकात चहाचं दुकान चालवते. वडील आमच्या मंडळीतले होते. नवऱ्यानं टाकल्यावर तिच्याबद्दल लोक वाटेल ते बोलले आणि ती चर्चमध्ये येईनाशी झाली. नऊ वर्षांनी त्या दिवशी पहिल्यांदा आली होती. एस. टी.च्या गर्दीत कोहळ्याला मार बसला असावा. विल्सनरावांनी ते दोन बोटांनी उचललं, सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि म्हणाले, "देवाले हेच भेटलं का द्याले? बोला, पाच रुपये! का फेकू बकरीले?" लोक हसले. मीही हसलो, हे लिहून ठेवणं भाग आहे. कमल पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत मागे सरकली. ती गेटाकडे वळणार एवढ्यात मागून आवाज आला, "पाचशे!"

सगळे वळले. याकूबमामा खाकी शर्टाच्या बाह्या सरसावून उभे होते. विल्सनराव म्हणाले, "मामा, पेऊन आले काय आज?" मामा म्हणाले, "पेणं सोडून अठ्ठावीस वर्षं झाले. सहाशे!" पुढे दुसरं कोणीच बोलत नव्हतं. मामाच स्वतःवर स्वतः चढवत अकराशेवर गेले आणि थांबले, कारण खिशात तेवढेच होते. दहा-दहा, वीस-वीसच्या नोटा मी दोनदा मोजल्या. मग त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मामा, चांगलं कोहळं बाजारात पन्नासला येतं. हे सडकं काऊन घेतलं?"

"सडकं कोणी घ्यावं मंग?" ते म्हणाले. "मले घेतलं तवा मी कोणता ताजा होतो?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढेही बरेचदा ऐकलं. त्यामागची हकिगत त्यांनीच मला सांगितली होती, ऑटोत, तीही हसत हसत. तरुणपणी ते ट्रक चालवायचे आणि मिळेल ते पिऊन टाकायचे. बायकोच्या गळ्यातलंही विकलं. एका रविवारी ते झोकांड्या खात चर्चमध्ये शिरले. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटणं, चाललं होतं. दोघा पंचांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढायला घेतलं, तर तेव्हाचे म्हातारे पाळक वेदीवरून खाली उतरून आले.

"मी म्हटलं, पाळकसाहेब, मी पेऊन आलो. थे म्हणे, दिसते मले. हात पुढं कर. अन् भाकर ठेवली ना हातावर."

"आणि त्या दिवसापासून दारू सुटली," मी म्हणालो. अशा गोष्टींचा शेवट मला ठाऊक असतो, असं मला वाटायचं.

"कायची सुटते! अजून दोन वर्षं पेलो. पण पाह्य मुनीमजी, भाकर पहिले भेटली, दारू मंग सुटली. तुह्या कमिटीत उलटं आहे. तुमी म्हणता पहिले सोड, मंग देतो."

मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे म्हणून मला ते मुनीमजी म्हणत. माझं वय बावन्न झालं तरी त्यांच्यासाठी मी 'तू'च होतो. उंचीनं बेताचे, दाढीचे पांढरे खुंट, आणि ऑटोच्या काचेवर ना क्रूस, ना वचन. मी एकदा विचारलं की बाकीचे ऑटोवाले आपापले देव लावतात, तुम्ही का नाही? म्हणाले, "मी रिव्हर्स घेतो तवा लोक शिव्या देतात. त्याले काऊन आयकवू?" त्यांचा रविवार बहुधा बुडायचा. रविवारी सकाळच्या गाड्यांनी बाहेरगावचे लोक सावंगीच्या दवाखान्यातल्या आपल्या पेशंटला भेटायला उतरतात. आठवड्यातली बरी कमाई तीच. आले तर शेवटच्या बाकावर, ऑटोची चावी हातात धरून.

आता नियमाबद्दल. तो मीच तयार केला, म्हणून शब्द पाठ आहेत. "वर्षभरात किमान बारा रविवार उपस्थित नसल्यास नाव सक्रिय सभासदांच्या यादीतून कमी करावे. यादीबाहेरील व्यक्तीच्या दफनासाठी रुपये पाच हजार शुल्क आकारावे." दफनभूमीत जागा कमी उरली आहे आणि काही जण नाताळाशिवाय तोंड दाखवत नाहीत, एवढ्याच कारणानं मी तो लिहिला. हजेरीवहीही माझ्याकडेच. अकरा वर्षांत त्या वहीत मी एकही खाडाखोड होऊ दिली नाही. मला तिचा अभिमान होता.

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझी बायको सावंगीला भरती झाली. ऑपरेशन झालं, जखम चिघळली, मुक्काम सहा आठवडे लांबला. आठवडाभर मुलगी थांबायची, रविवारी मी. ते सहाही रविवार मामांनी मला सकाळी नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. मधल्या वेळात दवाखान्याच्या झाडाखाली ऑटो लावून थांबायचे. औषध आणायचं असलं की पळायचे. बायको कोणाच्याच हातानं जेवेना, तेव्हा तिच्या उशाशी बसून म्हणाले, "पोरी, खाऊन घे. नवऱ्याचे पैशे लागून राह्यले, त्याले झोप नाई येत." ती हसली आणि तिनं चार घास खाल्ले.

पहिल्या रविवारी मी पैसे विचारले, तर म्हणाले, "जाणं-येणं दीडशे." मी पाचशेची नोट पुढे केली. त्यांनी साडेतीनशे मोजून परत केले. मला बरं वाटलं नाही. मी म्हणालो, "मामा, दिवसभर थांबलात. देव तुम्हाला याचं..."

"पुण्य नोको लावू माह्या नावावर," त्यांनी मला मध्येच थांबवलं. "दीडशे दे अन् मोकळा हो. पुण्याचा हिशेब ठेवला तं पापाचाही ठेवा लागते, अन् थो मले परवडत नाई."

चौथ्या रविवारी आम्ही निघालो तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. मी म्हणालो, "मामा, तुमचे रविवार कमी पडतील. बाराचा नियम आहे." ते म्हणाले, "मंग तू जातं का पायी सावंगीले?" आणि ऑटो चालू केला.

डिसेंबरात मी वहीची बेरीज केली. मामांचे नऊ. माझे बावन्नपैकी बावन्न. मी पुन्हा मोजलं. मी नसताना वही विल्सनरावांकडे होती. त्यांनी माझ्या सहाही रविवारांना हजर लिहून टाकलं होतं. माझा खरा आकडा शेहेचाळीस होता. पेन माझ्या हातात होता. अकरा वर्षं खाडाखोड नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि वही मिटली. नव्या वर्षाच्या भक्तीत पूर्ण हजेरीबद्दल मला शाल आणि प्रमाणपत्र मिळालं. मी ते घेतलं. त्याच दिवशी यादीतून सात नावं कमी झाली, त्यांत याकूबमामांचं. वाचून मीच दाखवलं.

मामांना त्याचं काही वाटलं, असं दिसलं नाही. गेटाशी मला म्हणाले, "शाल गरम आहे काय रे?" एवढंच.

फेब्रुवारीत त्यांच्या छातीत दुखलं. ऑटो स्टँडवरच्या गजाननानं त्यांना सावंगीला नेलं. मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो, तर नाकाला नळी आणि बोलणं चालूच. "मुनीमजी, माती आपल्याच लोकायजवळ दे मले. बायको तिथंच आहे. तिच्या बाजूले जागा आहे, मी पाहून ठेवली." मी म्हणालो, "मामा, असं काय बोलता! बरे व्हाल." मी 'हो' म्हणायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

दुपारी बारा वाजता पंचमंडळ चर्चच्या मागच्या खोलीत बसलं. विल्सनरावांनी यादी काढली आणि बोट फिरवलं. "नाव नाई. पाच हजार."

मी उभा राहिलो. मामांचे सहा रविवार माझ्यासाठी गेले, हे सांगितलं. सहा आणि नऊ पंधरा होतात, हेही सांगितलं. विल्सनराव काही वाईट मनुष्य नाहीत. थोडा विचार करून ते म्हणाले, "असं करू. आजाऱ्याची सेवा म्हणून धरू. तुम्ही लिहून द्या, त्यानं तुमाले सेवा म्हणून नेलं. ते सहा हजर मांडता येतील. पाच हजार वाचले."

मी कागद ओढला. विल्सनरावांनी सहज विचारलं, "भाडं नव्हतं ना घेतलं?"

"घेतलं. दीडशेप्रमाणे, सहा वेळा. नऊशे."

"मग सेवा कुठून आली? तो तं धंदा झाला!"

मला राग आवरला नाही, आणि हे लिहितानाही आवरत नाही. मी म्हणालो, "विल्सनराव, माझेही सहा रविवार खोटे आहेत. तुम्ही लिहिलेत. मी चर्चमध्ये नव्हतो, दवाखान्यात होतो. त्यांच्याच ऑटोत बसून गेलो होतो. मला शाल दिलीत."

"तुमची बायको आजारी होती. देवाले समजते."

"देवाला माझं समजतं आणि याकूबमामांचं समजत नाही?"

पाळकसाहेब खाली बघत होते. मी एक ओळ लिहिली असती, 'भाडे घेतले नाही', तर काम झालं असतं. मोह झालाच नाही असं नाही. पण ज्या माणसानं जन्मभर आपल्या नावावर पुण्य लावू दिलं नाही, त्याला मेल्यावर खोट्या पुण्यावर साडेतीन हात जमीन मिळवून द्यायची? आणि तीही कुठे, तर जिथं भाकर फुकट मिळते असं दर महिन्याला वेदीवरून सांगितलं जातं तिथं? आपण लोकांना सांगतो की आत्म्याचं तारण कोणाच्या कर्मानं मिळत नाही, ती देवाची देणगी आहे. आणि दाराशी वही घेऊन बसतो. ती वही मी भरली होती. मी कागद परत सारला.

पाच हजार रुपये मी बँकेतून काढून आणले आणि टेबलावर ठेवले. विल्सनराव पावती फाडताना 'दफन शुल्क' एवढंच लिहून थांबले. मी म्हणालो, "पूर्ण लिहा. यादीबाहेरील व्यक्ती." ते म्हणाले, "राहू द्या ना, बरं नाई दिसत." मी म्हणालो, "लिहा. बरं नाहीच दिसत." त्यांनी लिहिलं. ती पावती माझ्याकडे आहे. हजेरीवही, किल्ल्या आणि ते प्रमाणपत्र मी त्याच टेबलावर ठेवलं. शाल बायकोनं आधीच कोणाला तरी देऊन टाकली होती. खजिनदार म्हणून माझी ती शेवटची बैठक.

चार वाजता माती दिली. स्टँडवरचे चौदा ऑटोवाले आले होते. पेटी त्यांनीच उचलली. आमच्या मंडळीतले सव्वीस. कमल जामहून आली होती. तिच्या दुकानाला त्या दिवशी कुलूप होतं. माती टाकून झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "साहेब, त्या दिवशी गेटापासून मी गेली असती तं परत आलीच नसती." मला आठवलं, मागच्या वर्षीच्या वहीत तिचे रविवार एक्केचाळीस होते. ती यादीत होती. तिला ज्यांनी परत आणलं ते यादीत नव्हते.

सगळे पांगल्यावर गजाननानं मला घरी सोडलं. मी उतरून फाटक उघडत होतो, तर तो ऑटो बंद न करता तसाच बसून. म्हणाला, "साहेब, दीडशे."

मी वळून पाहिलं. त्याचे डोळे रडून लाल झाले होते.

"माह्यावर रागावू नोका. मामानं दवाखान्यात बजावलं होतं मले. म्हणे, मुनीमजीले घरी सोडजो, पण भाडं घेजो. नाई तं तो कुठं तरी लिहून ठेवीन."

त्याला दीडशे रुपये दिले. घरच्या हिशेबाच्या वहीत मांडले नाहीत.